कृपया बसू नये

मी एक जुना सागवानी बाक आहे. मित्रांनो, माझ्यावर हौसेनं असं कोणीच बसलं नाही, कारण माझं सारं आयुष्य दवाखान्यात गेलं. पेठ वडगावच्या सुतारानं मला घडवलं आणि मी कोल्हापुरात डॉक्टर भूपाल यांच्याकडे रुजू झालो. चाळीस वर्षं मी ताप, खोकला आणि इंजेक्शनला भिणारे पैलवान सांभाळले. टेकणाऱ्या डोक्यांच्या तेलानं माझी पाठ काळी पडली. औषधाच्या बाटल्यांनी अंगावर गोल डाग पाडले.

डॉक्टर वारले आणि लोखंडी खुर्च्या आल्या. मी परसात गेलो. तिथं माझ्यावर फक्त कुंड्या बसत. पाच पावसाळ्यांत मी राखेसारखा करडा झालो.

यंदा डॉक्टरांची लेक भाग्यश्री, तीही डॉक्टरच, अंबादास मिस्त्रींना घेऊन आली. म्हणाली, "ह्याचं काही होईल, की बंबात घालू?"

"बंबात? ताई, पेशंट बगून बी असंच म्हणतासा काय?"

मिस्त्रींनी मला कोमट साबणपाण्यानं पुसलं, सावलीत वाळवलं, काळ्या डागांवर मीठ-लिंबू चोळलं. मग पॉलिशपेपर हळूहळू, रेषेच्या दिशेनंच. "मांजराला उलटं गोंजारलं तर बोचकारतंय. लाकडाचं बी तसंच हाय की." शेवटी जवसाचं तेल. माझ्या सोनेरी रेषा मला स्वतःलाही आठवत नव्हत्या.

भाग्यश्रीला इतका आनंद झाला, की तिनं मला पुन्हा दवाखान्यात मांडलं आणि माझ्यावर पुठ्ठ्याची पाटी ठेवली : 'कृपया बसू नये'. बंबातून सुटलो आणि देव्हाऱ्यात सापडलो! खुर्च्या भरल्या की लोक उभे राहत. तापानं फणफणलेला एक गृहस्थ भिंतीला टेकून माझं कौतुक करत होता.

तेवढ्यात हातकणंगल्याच्या बाळाबाई गुडघे धरत आल्या. "बाकडं हाय का देव हाय? सरका पावणं!" म्हणत त्या बसल्या आणि पाटीनं वारा घेऊ लागल्या.

भाग्यश्री बाहेर आली. "आजी, ती पाटी..."

"डाक्टर हायस न्हवं? मग गुडघं बघ की! पाटी काय बघतीस?"

भाग्यश्रीनं त्या तापवाल्या गृहस्थाला हाताला धरून माझ्यावर बसवलं. किती वर्षांनी मी कुरकुरलो!

मित्रांनो, जुनं लाकूड पुसत जा, तेल लावत जा, पावसात टाकू नका. एवढंच, की काल माझ्या हातावर चहाच्या कपाचं पहिलं वर्तुळ उमटलंय. त्याला एवढ्यात लिंबू लावू नका.