मानेखालचा हात

"आये, हात कापता तुझो," माहेरी बाळंतपणाला आलेली रसिका न्हाणीच्या दारातून म्हणाली.

"कापूंदे. पाणी जास्त गरम नाय मां, तां बघ."

किशोरीताई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर चौदा दिवसांची नात. वालावलीत घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका, आशाताई, म्हणून त्यांना बारा वर्षं झाली. गावातली निम्मी पोरं याच पायांवर न्हाली. एकही कधी घाबरून रडलं नाही, एवढाच काय तो त्यांचा तोरा.

आता उजवा अंगठा दगा देत होता. पूर्वी वही असायची, कंटाळा आला की मिटता यायची. हल्ली घरटी माणसं, गोळ्या, वजनं, सगळं मोबाईलमध्ये त्या एका अंगठ्याने भरायचं. रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. अंगठ्याच्या मुळाशी मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधा, तीन आठवडे मोबाईल बंद. काम कोण करणार, ते मात्र त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं.

सवयीने उजव्या हातावर मान पेलून त्यांनी डाव्याने तांब्या उचलला. मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली. बोटं सैल पडली आणि बाळाची मान कलली. तांब्या टाकून त्यांनी ती डाव्या हातावर झेलली. नात घाबरून किंचाळली.

तिला डाव्या हाताने छातीशी धरत त्या म्हणाल्या, "रसिका, हय बस. तू घाल."

"माका भ्या वाटता गो. तूच घाल."

"माकाच माझ्या हाताचो भरवसो नाय आता. बस."

रसिका बसली.

"पंजो पसर. बोटां कानांमागे. आवळू नको, नुसतो आधार दी."

किशोरीताई डाव्या हाताने पाणी घालत राहिल्या. दोन हुंदके देऊन बाळ गप्प झालं. त्यांना बरं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं.

दुपारी त्यांनी मोबाईल उघडला. गावातल्या इतर बाळांसारखी नातीचीही गृहभेट भरायची होतीच. वजन भरलं, ताप नाही भरलं. शेवटी प्रश्न आला, 'आईला बाळ हाताळायला शिकवले का?'

डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी 'होय' दाबलं. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, मानेखाली धरावा तसा अर्धा वाकलेला.