शेजारची जागा

श्यामकांत टिपणीसांनी फॉर्म टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही. हा तिसरा फॉर्म. पहिल्यात एक खाडाखोड होती, दुसऱ्यात सही चौकटीबाहेर गेली होती. कलकत्त्यातल्या डलहौसी चौकातल्या या विमा कचेरीचा जिना पुन्हा चढायचा नाही, असं ठरवूनच ते आज आले होते.

विमा अधिकारी रघुनाथ केळशीकरांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि नवव्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.

"एकूण उड्डाण त्रेसष्ट तास?"

"त्रेसष्ट. उड्डाणांची वही दाखवू?"

"नको, विश्वास आहे. पण शंभराच्या आतल्या वैमानिकाला प्रीमियम जवळजवळ दुप्पट बसतो."

"गेल्या वर्षी नव्हता बसला!"

"गेल्या वर्षीच्या साहेबांनी हा रकाना कोराच सोडला होता."

टिपणीसांचं डोकं तडकलं. केळशीकर पुण्याहून बदलून आले तेव्हा आपला माणूस आला म्हणून कलकत्त्यातली सगळी मराठी मंडळी खूश झाली होती. टिपणीसांनी तर गणपतीत त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. आपला माणूस म्हणजे केवढा ताप असतो, ते आता कळत होतं. परक्यानं इतकं निरखून वाचलं नसतं.

"केळशीकरसाहेब, आमच्याकडे अकरा मोदक खाल्लेत तुम्ही."

"उत्तम होते. वहिनींना सांगा. पण ते प्रीमियममधून वजा होत नाहीत."

मागच्या बाकावर बसलेली टिपणीसांची मुलगी वृंदा पुस्तकाआड हसली. टिपणीसांना मुळीच हसू आलं नाही.

हावड्याला त्यांचा पंपांचे सुटे भाग करायचा छोटा कारखाना होता. तीन वर्षांपूर्वी, पन्नाशीला टेकल्यावर, त्यांनी बँकेचं कर्ज काढून एक जुनं, दोन जणांचं 'पुष्पक' बनावटीचं छोटं विमान घेतलं. लहानपणापासूनचं वेड ते. पण बँकेचा हप्ता, बेहालाच्या धावपट्टीवरच्या शेडचं भाडं, आणि त्यात भडकलेलं पेट्रोल. स्वतःचं विमान नव्हतं तेव्हा ते फ्लाइंग क्लबच्या विमानातून महिन्याला तीन-तीन तास उडायचे. विमान आल्यापासून कसाबसा एक तास, तोही हात राखून.

"म्हणजे बघा," ते म्हणाले, "तुमचा प्रीमियम भरायचा म्हणून उडायला पैसे नाहीत, आणि उडत नाही म्हणून प्रीमियम जास्त! ही काय थट्टा चालवलीय?"

"नियम आहे."

"अहो, ते नुसतं उभं असतं. उभ्या विमानाला काय होणार?"

"कालबैशाखी," केळशीकर शांतपणे म्हणाले. "एक वादळ आलं की उभं विमानही उलटं होतं. आता दिवस जवळ आलेच."

शनिवारी जुनी पॉलिसी संपत होती. बँकेनं स्वच्छ लिहिलं होतं, विमा नसेल तर विमान ताब्यात घेऊन विकू. दुप्पट पैसे भरायचे तर कारखान्यातले पगार थांबवावे लागले असते, आणि ते टिपणीसांनी कधी केलं नव्हतं. शनिवारनंतर शेड रिकामी दिसली असती.

"शंभर तास झालेला दुसरा कोणी नाही?" केळशीकरांनी विचारलं. "त्याच्या नावानं जुन्या दरात होईल."

"माझं विमान दुसऱ्यानं उडवायचं आणि मी खालून रुमाल हलवायचा?"

वृंदानं पुस्तक मिटलं आणि ती टेबलापाशी आली.

"बाबा, माझे आहेत."

"काय?"

"तास."

"तुझे असून असून किती असणार? तीस?"

तिनं पिशवीतून एक तपकिरी वही काढली आणि ती वडिलांसमोर न ठेवता केळशीकरांसमोर ठेवली.

"काका, एकशे बारा."

मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे टिपणीस तिला बेहालाला पिटाळायचे. विमान पुसायचं, इंजिन दहा मिनिटं चालवायचं, की कॉलेजला मोकळी. आजही ती तिकडूनच आली होती. विद्यार्थ्यांच्या सवलतीत ती क्लबच्या विमानावर शिकते, तिला लायसन मिळालं, हे त्यांना ठाऊक होतं. पण किती तास झाले, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. स्वतःचे मात्र मिनिटांसकट तोंडपाठ होते.

त्यांनी वही ओढून घेतली. कुठेतरी बेरीज चुकली असणार, या आशेनं ते पानं उलटत गेले. प्रत्येक ओळीपुढे प्रशिक्षकाची सही होती. गेल्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीशी त्यांचं बोट थांबलं.

त्या दिवशी त्यांचे पन्नास तास पुरे झाले होते. बागबाजारच्या मिठाईवाल्याकडून संदेश आणून त्यांनी अख्ख्या क्लबला वाटले होते. पहिला संदेश वृंदाच्या हातावर ठेवून ते म्हणाले होते, पन्नास म्हणजे काय असतं, तुलाही कळेल कधीतरी.

वहीत त्या तारखेपुढे एकूण तास अठ्ठ्याहत्तर लिहिले होते.

टिपणीसांना लाज वाटली. कानाच्या पाळ्या तापल्या.

"तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता, बाबा."

केळशीकर उगीचच पेन्सिलीला टोक करत बसले.

टिपणीसांनी तिसरा फॉर्म उचलला. त्यात वैमानिक म्हणून त्यांचं नाव होतं, सुवाच्य आणि चौकटीच्या आत. त्यांनी त्याची घडी करून खिशात घातली आणि कोणी सांगायच्या आत ट्रेमधून चौथा कोरा फॉर्म स्वतःच ओढला. वैमानिक : कुमारी वृंदा श्यामकांत टिपणीस. नववा रकाना : एकशे बारा.

"तुमचे शंभर झाले की तुमचंही नाव घालू," केळशीकर म्हणाले.

"आणि तोवर?"

"तोवर दुसऱ्या पानावर. शेजारच्या जागेवर बसणाऱ्याचं नाव आणि वैमानिकाशी नातं."

टिपणीसांनी पान उलटलं. नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. शाळेपासून वृंदाचे सगळे फॉर्म त्यांनीच भरले होते, पण त्यांतल्या 'पालकाशी नातं' या जागी दर वेळी 'मुलगी' लिहिलेलं असायचं.

"खाडाखोड नको हं," केळशीकर म्हणाले.

"नाही होणार," टिपणीस म्हणाले, आणि त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढत 'वडील' लिहिलं.