फुकट्या सेवा

जिंजा शहरातल्या कोर्टासमोर बालिकोवाचं टायपिंगचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर इतका रडतखडत चाले, की अर्ज टाइप होईस्तोवर पक्षकारांचं आपसातच मिटायचं. शेवटी मालकाने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या किरुंडाला बोलावलं. हे मशीन धावलं तर बाकीची मशीनंही त्याच्याकडेच, असा शब्द दिला.

किरुंडा मोठ्या तोऱ्याचा गडी. कॉम्प्युटरमध्ये पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या ज्या सेवेचा, म्हणजे छोट्या प्रोग्रामचा, उपयोग आपल्याला कळत नाही ती फुकटी, हा त्याचा कायदा. छपाईची तेवढी ठेवून बाकीच्या तो बंद करत सुटला. आवाजाची सेवा आली. मशीनला स्पीकर तर नव्हते. "इथे कोण गाणी ऐकतंय?" म्हणत तीही बंद केली, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम काढूनच टाकला. मशीन सुसाट पळू लागलं. मालक खूश.

तेवढ्यात नायगागा जेवून आली. दुकानातली टायपिस्ट, जन्मांध. मशीन सांगेल ते हेडफोनमधून ऐकत ती काम करायची, आणि कोर्टात तिच्या कागदात कधी चूक निघाली नव्हती. ती कानाला काय लावते, हे मालकाने कधी विचारलं नव्हतं. तिने बटणं दाबली, पुन्हा दाबली.

"मालक, हे बोलत नाहीये."

आपण काय बंद केलं, ते किरुंडाला आत्ता उमगलं. दुरुस्तीला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नसता. पण मालकासमोर चूक कबूल करायची, तर बाकीची मशीनं गेलीच.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "हिनेच काहीतरी भलतं दाबलं असेल."

"सकाळी तर चालू होतं, भाऊ..."

"सकाळी ते रखडत होतं. आता धावतंय, तर तुला झेपत नाही!"

बाकावरचे पक्षकार हसले. मालक तर निमित्तच शोधत होता. "पोरी, दया म्हणून तुला ठेवलं होतं. उद्यापासून माझी पुतणी बसेल. तिला डोळे आहेत."

नायगागाने हेडफोन गुंडाळून पिशवीत टाकले. किरुंडाला लाज वाटली, नाही असं नाही. पण जिभेपर्यंत काही ती आली नाही. त्याने फक्त हात धरून तिला रस्ता ओलांडून दिला.

पलीकडे पोचल्यावर तिने त्याचा हात सोडला नाही.

"भाऊ, मी कोणतं बटण दाबलं ते तेवढं सांग. दुसरीकडे काम मिळालंच तर त्याला हात लावणार नाही."

त्याने तोंडाला आलं ते बटण सांगितलं. तिने ते दोनदा पुटपुटून पाठ केलं.

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली.