पाण्यावरून आलेली वरात

मेंढेघाटला बंदर आहे असं सांगितलं की बाहेरचा माणूस आधी हसतो. समुद्र कुठे आणि चंद्रपूर जिल्हा कुठे! पण तीन बाजूंनी जंगल आणि चौथ्या बाजूला गाव असा तो धरणाचा थोरला तलाव, काठाला दगडी पायऱ्या, पायऱ्यांना लोखंडी कड्या, कड्यांना बांधलेले लाकडी डोंगे, बर्फाची दुकानं, वाळत घातलेली जाळी आणि पैलतीरच्या सात गावांतून रोज ये-जा करणारी माणसं. याला बंदर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? गावाला नगरपंचायत झाली, दोन बँका आल्या, तरी कोणालाही "कुठी चालला?" असं विचारलं की उत्तर यायचं, "बंदरावर."

या बंदरावरची एकुलती एक मोटरबोट उर्वशी चालवायची. वय सव्वीस, आवाज खणखणीत. दोन वर्षांपूर्वी तिने एकवीस दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यात सगळ्यांना वाटलं, चार दिवसांची हौस आहे. आता पैलतीरची पोरं तिच्या बोटीच्या भोंग्यावर शाळेचं दप्तर उचलायची.

पण त्या दिवशी उर्वशीला बोटीला हात लावायची मनाई होती. तिची धाकटी बहीण दीपिकाचं लग्न होतं, संध्याकाळी साडेसहाचा गोरज मुहूर्त. नवरदेव प्रफुल सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कामाला. त्याला आई नव्हती. आत्यानेच, कमळाबाईने, वाढवलेला. या कमळाबाईने सोयरीक जुळताना मध्यस्थाकडून निरोप धाडला होता, "पोरगी गुणाची हाये. पन तिची मोठी बहीन बोट चालवते म्हन्ते. लग्नाच्या दिवशी तरी तिले बाईमानसासारखं राहू द्या."

उर्वशीला ते लागलं होतं. पण बहिणीचं लग्न. तिने दात आवळून अंजिरी रंगाचा शालू नेसला, कोपरापर्यंत मेंदी काढून घेतली आणि सकाळपासून पाहुण्यांना सरबत देत मांडवात फिरत होती.

पावणेचारला तिचा फोन वाजला. प्रफुल होता.

"ताई, गडबड झाली जी. नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, रपट्यावर, बांबूचा ट्रक उलटला. पुरा रस्ता बंद. क्रेन यायले रात होते म्हन्तात."

"तुमी कुठी हात आता?"

"पिपरटोल्यात. तलावाच्या काठावर. इथून तुमचा मांडव दिसून राह्यला, ताई! तुमचे लाऊडस्पीकर आयकू येऊन राह्यले!"

उर्वशी धावत पायऱ्यांवर गेली. तीन किलोमीटर पलीकडे, पळसांच्या रांगेखाली, बस आणि दोन जीपांच्या काचा चमकत होत्या. दुसऱ्या वाटेने जंगलाला वळसा घालून यायचं तर साठ किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता उखडलेला. मुहूर्त काही साधणार नव्हता.

तिचा बाप, लटारू, मागे येऊन उभा राहिला होता. डोक्यावर नवा फेटा, तोंड उतरलेलं. "भटजीले पुढचा मुहूर्त धराले सांगतो," तो म्हणाला. "परवा सकाळचा हाये म्हने."

"परवा? बाबा, पाचशे मानसाचा सैपाक चुलीवर हाये!" उर्वशीने शालूचा पदर कमरेला खोचला. "वरात किती?"

"सत्तर. बँड धरून पंच्याऐंशी."

मोटरबोटीत पंधरा माणसं बसायची. उर्वशीने पायऱ्यांवरून मान वळवून हाक मारली, "आशाकाकू! ओ आशाकाकू!"

आशाबाई मोहल्ल्यातल्या मासे धरणाऱ्या बायांची पुढारीण. पन्नाशी उलटलेली, हातपाय सागाच्या फांदीसारखे. ती मांडवात पोळ्या लाटत होती. लाटणं हातात घेऊनच आली. उर्वशीने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आशाबाईने तलावाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि लाटणं तिथल्या तिथे एका पोरीच्या हातात दिलं.

"बारा डोंगे काढा वो!" ती ओरडली. "एकेकात सहा मानसं. हरेक डोंग्यात आपली एक वल्हेवाली, आन ट्रकचा एक फुगवलेला टूब. चला, चला, हात चालवा!"

मग बंदरावर जी पळापळ झाली तशी कोणी पाहिली नव्हती. जरीच्या साड्या नेसलेल्या बाया वल्ही आणि लांब बांबू घेऊन धावत होत्या. कोणी जाळी काठावर फेकत होतं, कोणी डोंग्यातलं पाणी डब्याने उपसत होतं. कोणीतरी मांडवातल्या गाद्यांच्या खोळी काढून डोंग्यांत अंथरल्या, पाहुण्यांच्या कपड्यांना मासळीचा वास लागू नये म्हणून. दीपिका हळद लागलेल्या अंगाने खिडकीत उभी होती. बाहेर यायची तिला परवानगी नव्हती, म्हणून तिथूनच ओरडत होती, "ताई, त्याले आन गं! बुडवू नोको!"

उर्वशीने शालूवरच नारिंगी लाइफ-जाकीट चढवलं आणि इंजन सुरू केलं. मागे लांब नायलॉनच्या दोराला एकामागे एक बारा डोंगे. तलावाच्या मधोमध आली तेव्हा तिने मागे वळून डोंगे मोजले.

पिपरटोल्याच्या काठावर वरात गोळा होऊन उभी होती. प्रफुल बाशिंग सांभाळत पुढे आला. त्याच्या मागे कमळाबाई, जांभळं पातळ, नाकात मोठी नथ. तिने आधी डोंग्यांकडे पाहिलं, मग शालूवर जाकीट घातलेल्या उर्वशीकडे.

"मी नाई बसत," ती म्हणाली. "मले पान्याचं भेव वाटते. तुमी जा, मी इथीच अक्षता टाकतो."

"आत्याबाई, तुमच्याबिगर लगन होते का?" उर्वशीने हात पुढे केला. "माह्या बोटीत बसा. इंजनाजवळ. मी तुमच्या समोरच राहीन."

कमळाबाईने मेंदीने भरलेला तो हात बघितला. घट्टे पडलेला होता. तिने डोळे मिटून तो पकडला आणि "बाई माय गं!" म्हणत बोटीत पाय टाकला.

म्हातारे आणि लेकरं मोटरबोटीत, जाकिटं त्यांच्या अंगावर. बाकीचे डोंग्यांत, प्रफुल पहिल्याच. बँडवाल्यांनी ढोल टूबवर ठेवले. "गप बसून राहा, उभं कोनी होऊ नका," आशाबाईने प्रत्येक डोंग्याला बजावलं. सव्वापाचला दोर ताणला गेला आणि वरात पाण्यावर निघाली.

पहिली दहा मिनिटं सगळे डोंग्यांचे काठ घट्ट धरून बसले. मग एका लेकराने पाण्यात हात घातला आणि खिदळलं. बगळ्यांचा थवा डोक्यावरून गेला. क्लॅरिनेटवाल्याला राहवलं नाही, त्याने सूर लावला. ताशेवाल्याने बसल्या बसल्या काठीने डोंग्याच्या काठावर ठेका धरला. पाण्यावर तो सूर असा पसरला की पलीकडच्या बंदरावरून लोकांनी शिट्ट्या मारल्या. प्रफुल हसत होता. कमळाबाईनेसुद्धा एक डोळा उघडला.

आणि तेवढ्यात इंजनाचा आवाज बदलला.

आधी घरघर, मग खाडखाड, मग एकदम बंद. बोट जागच्या जागी थबकली. उर्वशी क्षणात समजली. कोणाचं तरी तुटलेलं जाळं पाण्याखाली तरंगत असणार, ते पंख्यात गुंतलं. या बोटीचं इंजन पोटात होतं, पंखा खाली. वर उचलून साफ करायची सोय नव्हती.

त्याच वेळी वारा सुटला. मे महिन्यात संध्याकाळी सुटतो तसा, धुळीचा वास घेऊन. उत्तरेच्या बाजूला आभाळ निळंकाळं झालं. बोट आणि तिच्यामागची ती सगळी माळ हळूहळू उजवीकडे सरकू लागली. उजवीकडे काय आहे ते उर्वशीला पाठ होतं. धरण बांधताना जे जंगल बुडालं त्याचे साग अजून पाण्याखाली उभे होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांचे खुंट वीतभर खाली दडलेले असायचे. डोंग्याचा तळ त्यांच्यावर आपटला की फळी फुटायला वेळ लागत नाही.

लेकरं रडायला लागली. एका डोंग्यात दोघे उभे राहिले आणि डोंगा कलला.

"बसा!" उर्वशी इतक्या जोरात ओरडली की तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. "आशाकाकू, दोर सोडा! हरेक डोंगा अलग करा! बांबू टाकून थांबा, खुंटाकडे जाऊ नका!"

"समजलं!" मागून आशाबाईचा आवाज आला, आणि एकामागे एक बांबू तळाच्या गाळात रुतले. बाया त्यांना लटकून डोंगे थोपवू लागल्या. जरीचे पदर वाऱ्यावर फडफडत होते.

राहिली मोटरबोट. सगळ्यांत जड, आणि त्यात म्हातारे आणि लेकरं. उर्वशीने इंजनाशेजारचा विळा घेतला, जाकीट काढलं आणि थबकली. अंगावर सहा वारांचा जड शालू. तो घेऊन पाण्यात उतरणं म्हणजे पाय बांधून उतरणं. आणि समोर सगळी वरात, बहिणीचे सासरचे. बाईमानसासारखं राहू द्या, हे शब्द तिच्या कानात वाजले.

कमळाबाई तिच्याकडे बघत होती. आता दोन्ही डोळे उघडे.

"काय पाहून राह्यली?" ती कडाडली. "सोड तो शालू! पान्यात पायात अडकन!" मग तिने मान वळवली. "ए, सगळे मानसं तिकडे तोंड करा! कोनी फिरून पाह्यलं तर मंग पाहा! प्रफुल, तू बी!"

आणि नवरदेवासकट सगळ्या पुरुषांनी मुकाट्याने जंगलाकडे तोंड केलं. बँडवाल्यांनीही.

उर्वशीने शालू सोडला. कमळाबाईने त्याचं एक टोक पिळून तिच्या कमरेला गाठ मारली, एक नाही, तीन गाठी. दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि बोटीच्या फळीला पाय रोवून बसली. "जा आता. मी धरून हावो."

पाणी वरून कोमट आणि खाली थंडगार होतं. उर्वशीने चाचपत पंखा शोधला. जाळं वळणावर वळण घेऊन आवळलं गेलं होतं. तिने विळा घातला, कापलं, ओढलं. श्वास संपला. वर आली, श्वास घेतला, परत गेली. दुसऱ्या वेळी अर्धं सुटलं. तिसऱ्या वेळी तिच्या पायाला काहीतरी खरखरीत लागलं. सागाचा खुंट. बोट पोचली होती तिथे. तिने घाई केली, हाताचं बोट कापलं, रक्त आलं असेल पण दिसायला उजेड नव्हता. शेवटचं वेटोळं सुटलं तेव्हा ते जाळं आपसूक खाली बुडालं, जणू काही झालंच नव्हतं.

कमळाबाईने आणि एका म्हाताऱ्याने तिला शालूने ओढून वर घेतलं. तिने दोन्ही हातांनी इंजनाचा दांडा फिरवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा फट्ट करून धूर निघाला आणि इंजन बोलायला लागलं.

सगळी वरात ओरडली. जंगलाकडे तोंड करूनच ओरडली, कारण कमळाबाईने अजून परवानगी दिली नव्हती. तिने आपली शाल काढून उर्वशीभोवती गुंडाळली, मग म्हणाली, "पाहा आता."

डोंगे परत दोराला लागले. वाऱ्याने दोन-चार टपोरे थेंब आणले आणि तो दक्षिणेला निघून गेला. बंदर जवळ आलं तसं पायऱ्यांवर माणूस मावेना. निम्मं गाव गुडघाभर पाण्यात उतरलं होतं. बँडवाले आता ऐकेनात. डोंगा काठाला लागायच्या आधीच ढोल वाजला. लटारूने फेटा काढून हवेत फिरवला आणि तो कुठे पडला हे पाहिलंसुद्धा नाही. सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. प्रफुलला चौघांनी खांद्यावर घेतलं आणि पळतच बोहल्यावर नेऊन उभं केलं.

अक्षता पडल्या तेव्हा उर्वशी आशाबाईच्या सुती लुगड्यात, केस निथळत, बोटाला चिंधी बांधून उभी होती. अंतरपाट दूर झाला आणि दीपिकाने नवऱ्याच्या आधी तिच्याकडे पाहिलं.

पंगतीत कमळाबाई पाच ठिकाणी बसली आणि पाचही ठिकाणी तीच गोष्ट सांगितली. पहिल्या वेळी लाटा कमरेएवढ्या होत्या. शेवटच्या वेळी त्या ताडाएवढ्या झाल्या होत्या, आणि पाण्यात एक सुसरही आली होती. उर्वशीने जाऊन कानात सांगितलं, "आत्याबाई, या तलावात सुसर नाई."

"तू खाली गेल्ती, मी वर होतो," कमळाबाई म्हणाली. "वरून जास्त दिसते." आणि आपल्या पानातलं वाटीभर मटण तिच्या पानात ओतलं.

रात्रीतून ट्रक निघाला. सकाळी बस आणि जीपा वळसा न घालता सरळ मेंढेघाटच्या चौकात येऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला, एकही पाहुणा येईना. शेवटी तो शोधत बंदरावर आला, तर काय! वरात आपापल्या डोंग्यांत चढून बसलेली. बाया वल्ही घेऊन तयार. बोचकी, आंदणाचं कपाट, बँडचे ढोल, सगळं पाण्यावर.

"अजी, रस्ता खुलला!" ड्रायव्हर ओरडला. "बस हाये!"

"मंग घेऊन जा नं पलीकडे, रिकामी!" कमळाबाई मोटरबोटीच्या पुढच्या फळीवर, जाकीट घालून बसली होती. "आमी तिथी चढतो."

दीपिका रडत रडत पायऱ्या उतरली. माय, मावश्या सगळ्या रडत होत्या. पण बोटीत पाय ठेवल्यावर, नव्या सासरच्या मंडळींचा तो पाण्यावरचा गोंधळ पाहून तिला हसूच फुटलं, आणि मग ते थांबेना. प्रफुलही हसायला लागला.

उर्वशीने कडीतून दोर काढला. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं, वारा नव्हता.

"बसा सगळे," ती म्हणाली. "उभं कोनी राहू नका."

"आन जरा जोरात ने वो," समोरून कमळाबाई म्हणाली. "काल लय हळू आनलं."

उर्वशीने इंजनाचा दांडा फिरवला.