दिपाचे हात आणि पी-त्रेसष्ट

औंढा नागनाथजवळच्या तांड्यावर संगिताला मुलगी झाली, दिपा. तिच्या दोन्ही हातांना मधलं बोट नव्हतं. तळव्यात खोल खाच होती. केस विरळ, कातडी कोरडी. सासू धुरपताबाईनं लगेच कारण सांगून टाकलं, "दिवाळीतल्या गिरानात हिनं भोपळा चिरला. मी नको म्हनत व्हते."

पंच्याण्णवचं ते सूर्यग्रहण. संगिताला तेव्हा पाचवा महिना होता आणि भोपळा तिनं खरंच चिरला होता. मग बोलणार काय? ती ऐकून घ्यायची.

दिपाला मात्र कशाचीच अडचण नव्हती. खाचेत पेन्सिल धरून ती झरझर लिही, झाडावर चढे, लगोरीत पोरांना हरवी.

ती तिसरीत असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टर मैत्रिणीसोबत ज्योती आली होती. जवळच्याच डोंगरकडा गावची ही मुलगी पुण्यात कातडी आणि कर्करोगावर संशोधन करायची. दिपाचे हात बघून ती थेट तांड्यावर गेली आणि दिपाचं, संगिताचं आणि तिच्या नवऱ्याचं, रणजीतचं, रक्त तपासायला घेऊन गेली.

काही महिन्यांनी ती परत आली. धुरपताबाईनं बाज टाकली, चहा ठेवला.

"संगिताताई," ज्योती म्हणाली, "पोटात लेकरू घडताना पी-त्रेसष्ट नावाचं प्रथिन मुकादमासारखं काम करतं. कातडीचे थर, केस, बोटं, सगळं त्याच्या हुकमानं. दिपाच्या मुकादमात बारीकशी चूक हाय. ती तुमच्यात न्हाई, रणजीतभाऊंच्यातबी न्हाई. गर्भ राहतानाच आपोआप झालेली."

"आन् कर्करोग? तुमी त्याच्यावरच काम करता ना?" संगितानं घाबरत विचारलं.

"काही कर्करोगांत हाच मुकादम हद्दीबाहेर राबतो, म्हणून आमी त्याच्या मागं लागलोय. पण दिपासारख्या लेकरांना त्यानं कर्करोग होतो, असं दिसलेलं न्हाई. कातडीला तेल लावा, यात डोळ्यांनाबी त्रास होतो, ते तेवढे डॉक्टरांना दाखवत जा."

"मंग भोपळा?" चुलीपाशी बसलेली धुरपताबाई म्हणाली.

"आजी, हाताची बोटं दुसऱ्या महिन्यातच घडून जातात. गिरान पाचव्यात होतं."

पाहुणीसाठी ओतलेला पहिला कप धुरपताबाईनं सुनेपुढं धरला. "घे. लई बोलले तुला."

संध्याकाळी ती घरोघर सांगत सुटली, "माझ्या सुनेचा काई दोष न्हाई. सगळं त्या पी-त्रेसष्टाचं काम हाय!"

"कोन्या तांड्याचा हाय तो?" शेजारच्या वसरामनं विचारलं.

"कोन्या तांड्याचा म्हंजे? तुझ्याबी अंगात हाय!"

वसराम दचकून स्वतःचे हात बघू लागला. ओट्यावर संगिताला हसू आवरेना.

"आई, काहून हसून राहिलीस?" दिपानं विचारलं.

संगितानं तिला जवळ ओढलं आणि आणखीच हसत सुटली.