घोंगडीवरची साक्ष

मी एक जुनी काळी घोंगडी आहे. मित्रांनो, मला हात लावाल तर पहिल्यांदा टोचेनच. मऊपणा माझ्याकडं कधी नव्हता. मी ज्या बाईची होते तिच्याकडंही नव्हता, निदान वरून तरी.

तिचं नाव म्हाळसाबाई. दौलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला तिची वाडी. माझी लोकर तिच्याच मेंढ्यांची, सूत तिनंच कातलेलं. सणगरानं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ दिली आणि मी ताठ होऊन घरी आले. नवरा लवकर गेलेला. साठ मेंढरं आणि मुंजाबा नावाचा मुलगा, एवढाच तिचा संसार. पावसात ती मला डोक्यावरून घेई, पण एखादं कोकरू कुडकुडताना दिसलं की मी त्याच्या अंगावर, आणि ती आपली भिजत.

वाडीत माझा मान मात्र वेगळ्याच कामासाठी होता. भांडणतंटा झाला की मला लिंबाखाली अंथरत. पंच माझ्यावर बसत, आणि ज्याला बोलायचं तोही माझ्यावर बसूनच बोले. घोंगडीवर खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो, असं सगळे मानत. त्यामुळं माझ्यावर बसून कुणी खोटं बोललेलं मी ऐकलंच नव्हतं.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे खरोखरच पेटला. दलित वस्त्यांतली घरं जळत होती. एका दुपारी मालनबाई सहा वर्षांच्या लेकीला ओढत आमच्या दारात आली. शेतात म्हाळसाबाईच्या बरोबरीनं खुरपणारी ही बाई. तिच्या लुगड्याला धुराचा वास येत होता. म्हाळसाबाईनं दोघींना कोकरांच्या खोपीत ढकललं आणि तोंडाशी काट्याची झाप ओढली.

थोड्याच वेळात माणसं आली. काही परगावची, काही वाडीतली. पुढं तिचा दीर, केरबा. तो खोपीकडं बघत म्हणाला, “वैनी, तुमच्यावर इस्वास हाय. पण मालन हितं नाय, हे घोंगडीवर बसून सांगा.”

आत चुलीपाशी सून, मुंजाबाची बायको, बसली होती, दिवस भरत आलेली. म्हाळसाबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग मला अंगणात अंथरलं आणि मांडी घालून बसली.

“खोपीत कोकरं हायती,” ती म्हणाली. “दुसरं कुणी नाय.”

तिचा तळहात माझ्यावर टेकलेला होता. त्याला फुटलेला घाम माझ्या लोकरीत उतरला. माणसांनी खोप उघडूनही पाहिली नाही. घोंगडीवरचा शब्द होता ना. माणसं निघून गेली. दिवस मावळल्यावर मालनबाई लेकीला घेऊन शहराच्या वाटेला लागली.

त्यानंतर म्हाळसाबाईला अन्न गोड लागेना. मुंजाबा तिला विनवायचा, की झालं ते झालं, गप राहा, वाडीत राहायचंय आपल्याला. तिचं म्हणणं एकच. खोटं या घोंगडीवर बोलले, तर खरंही हिच्यावरच, त्याच माणसांपुढं बोलायला पाहिजे. आणि तेही सुनेच्या पोटातलं जगात यायच्या आधी. ती एसटीनं औरंगाबादला गेली, दोन दिवस वस्त्या धुंडाळल्या आणि मालनबाईला घेऊन आली.

लिंबाखाली मी अंथरले गेले. केरबा आणि चार पंच बसले. म्हाळसाबाईनं सरळ सांगून टाकलं, की त्या दिवशी खोपीत माणसं होती आणि आपण खोटं बोललो. मग केरबानं विचारलं, साक्ष कुणाची? तिनं झाडाआड उभ्या असलेल्या मालनबाईकडं बोट केलं. एक पंच घाईनं म्हणाला, तिला तिथूनच बोलू दे.

“उभ्यानं दिलेली साक्ष तुमी कवा धरलीया, भावजी?” म्हाळसाबाईनं विचारलं आणि सरकून आपल्या शेजारी जागा केली.

मित्रांनो, तोवर मालनबाईच्या घरातलं कुणीही माझ्यावर बसलं नव्हतं. बसू दिलंच नव्हतं. ती पुढं आली. “बसते,” ती म्हणाली, “पर उपकार म्हणून नाय. साक्षीला म्हणून.”

ती बसली. दोन पंच उठून गेले, एक कडेला सरकून नुसत्या मातीवर टेकला. मालनबाईनं सगळं सांगितलं. जळणारं छप्पर, काट्यांची वाट, खोपीत लेकीच्या तोंडावर दाबून धरलेला हात, आणि त्याच लेकीचं बोट आई समजून चोखणारं कोकरू. तिनं सांगताना कुणाचं नाव गाळलं नाही. केरबाचंही नाही. केरबाची मान खाली गेली, पण तो माझ्यावरून उठला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “साक्ष झाली.”

त्यानंतर वर्षभर म्हाळसाबाईच्या दारी लग्नाकार्याचं बोलावणं आलं नाही. तिनंही वाट पाहिली नाही. मालनबाई शहरातच राहिली, आणि बरोबरच केलं तिनं.

पुढं वाळूजच्या माळावर कंपन्या आल्या. मुंजाबानं मेंढरं विकून तिथं पाळीची नोकरी धरली. आमचं बिऱ्हाड कॉलनीत आलं आणि मी माळ्यावर, बॅगांच्या खाली. मला कसर लागली. माझी कुणाला आठवण नव्हती. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, त्या दिवशी तेवढं म्हाळसाबाईनं मला खाली काढून झटकलं. मालनबाई आली होती. दोघी म्हाताऱ्या माझ्यावर बसून चहा प्यायल्या, गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल बोलल्या.

आता म्हाळसाबाई नाही. एवढ्याशा अंगाची, निरक्षर बाई. वंश बुडेल अशी खरीखुरी भीती पोटात घेऊन ती दुसऱ्याच्या लेकरासाठी खोटं बोलली, आणि मग ते खोटं सगळ्यांसमोर निस्तरलंही. इतकी वर्षं झाली, तरी तिची आठवण आली की माझा एकेक धागा ताठ होतो.

मित्रांनो, घोंगडीला अधूनमधून ऊन द्यावं, घडीत लिंबाचा पाला ठेवावा. पण नुसती जपून ठेवू नका. अंथरा, आणि शेजारी जागा ठेवा. त्या वर्षी सुनेच्या पोटी आलेली मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. तिनं मला फरशीवर पसरलं आहे. तिचं पाच महिन्यांचं नातवंड माझ्यावर पालथं पडून मान उचलतंय, आणि त्याच्या गालाला मी टोचतेय.