गाळलेला परिच्छेद

"शेवटच्या महिन्यात शेळीचा खुराक वाढवावा, पूर्णविराम. नवा परिच्छेद," मैना म्हणाली आणि श्वासही न घेता पुढे निघाली, "हिरवा चारा दिवसातून दोनदा, स्वल्पविराम..."

समोर बसलेल्या वेलांटीची लाल पेन्सिल थांबली. तिच्या हातातल्या प्रुफावर खुराक आणि हिरवा चारा यांच्यामध्ये चांगला सहा ओळींचा परिच्छेद होता.

छापखान्यात या दोघींची जोडी नऊ वर्षांची. एकीने हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसरीने प्रूफ तपासायचं. ऱ्हस्व-दीर्घावरून ही दुसरी लेखकांशीही भांडायची, म्हणून तिचं नाव वेलांटी पडलं. मैनेचं तोंड दिवसभर चालू असायचं, तेव्हा तिच्या नावाचा खुलासा करायला नको. पण नऊ वर्षांत तिने वाचताना एक अनुस्वारसुद्धा गाळला नव्हता.

वेलांटीचं बाळ पोटातच गेलं त्याला अडीच महिने झाले होते. कामावर परतून तीन आठवडे. या तीन आठवड्यांत सगळे तिच्याशी इतके चांगले वागत होते, की तिला नकोसं झालं होतं. ती डबा घेऊन बसली की चाललेल्या गप्पा तुटायच्या आणि हवापाण्याचा विषय निघायचा. हवेबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार! बांधणी विभागातल्या वहिनींच्या लेकीचा वाढदिवस झाला, अख्खा छापखाना जेवून आला, हिला दुसऱ्या दिवशी कळलं. "तुला उगाच त्रास नको म्हणून," वहिनी म्हणाल्या. साहेबांनी तर बालसंगोपनाचं पुस्तक गुपचूप दुसऱ्या टेबलावर हलवलं आणि हिच्यापुढे शेळ्या आणून ठेवल्या. आता शेळ्याही व्यायला लागल्या, त्याला साहेब तरी काय करणार.

बाकीच्यांचं तिने मनावर घेतलं नव्हतं. मैनेचं घेतलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी मैना तिच्याकडे यायची, खुर्चीवर मांडी ठोकून बसायची आणि घालवली तरी जायची नाही. आता शनिवार आला, की मैनेला काही ना काही काम निघत होतं. मैनाही गेली तर आपण बोलायचं कुणाशी?

"मैने, एक परिच्छेद राहिला."

"कुठे?"

"तुझ्या बोटाखाली आहे तो."

मैनेने बोट उचललं नाही.

"तेवढा मी नंतर बघते ना. तू पुढचं घे."

"एकटी कशी बघणार? वाच."

मैनेने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शाळेतल्या पोरीसारखं एका सुरात वाचायला लागली.

"करडू मृत जन्मल्यास, स्वल्पविराम, शेळीला कळपापासून वेगळे ठेवू नये, पूर्णविराम. एकटी पडल्यास ती चारा..."

"थांब. ठेवू नये?"

"ठेवू नये."

"नक्की बघ. इथे 'ठेवावे' छापलंय."

मैनेने कागद डोळ्यांजवळ नेला. "ठेवू नये. स्वच्छ लिहिलंय."

वेलांटीने 'ठेवावे' खोडलं आणि समासात 'ठेवू नये' लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, इतकं दाबून लिहिलं.

"आणि हे तू तसंच जाऊ देणार होतीस," ती म्हणाली. "लोकांनी पुस्तक वाचून शेळ्या कोपऱ्यात बांधल्या असत्या."

"चुकलं माझं."

"शेळ्यांची माफी माग."

मैना हसली नाही. हस्तलिखिताचा कोपरा दुमडत, उलगडत बसली.

"मला भीती वाटते गं. काहीतरी बोलून जाईन आणि तुला लागेल. परवाच्या शनिवारी तुझ्या दारापर्यंत आले होते. बेलवर बोट ठेवलं आणि परत गेले. काय बोलायचं तेच सुचेना. तुझं एवढं बाळ... ते गेलं, आणि मी आपली..."

"ती."

"काय?"

"ते नाही. ती गेली."

प्रुफातली लिंगवचनाची चूक दाखवताना वेलांटीचा आवाज असायचा, तसाच आताही होता. मैनेचा हात तोंडाशी गेला.

"मुलगी होती?"

"हो."

"मला माहीतच नाही," मैना म्हणाली. "अडीच महिने झाले. मी विचारलंसुद्धा नाही."

"कुणीच नाही विचारलं."

शेजारच्या खोलीत छपाईयंत्र सुरू झालं, टेबल नेहमीसारखं थरथरू लागलं. मैनेने हस्तलिखित मिटून बाजूला ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"कुणासारखी होती?"

वेलांटीने आधी दाराकडे पाहिलं.

"नाक थेट सासूबाईंचं. तसंच्या तसं, फेंदारलेलं. मी तिला हातात घेतलं आणि पहिलं तेच मनात आलं. म्हटलं, बाई गं, नऊ महिने मी वागवलं आणि नाक त्यांचं घेतलंस?"

मैना फसकन हसली आणि हसल्याबरोबर घाबरली. वेलांटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तीही हसत होती.

"आणि केस?" मैनेने विचारलं.